गाडी दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस

परवा कॉलेजच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला. सर्वांत मोठा रेसिंग ड्रायव्हर कोण? सेना, शूमाकर, हॅमिल्टन, आणि हल्लीच्या पोरांचा व्हर्स्टापेन. मी मध्येच 'टॉम क्रिस्टेनसेन' असं टाईप केलं. दोन मिनिटं शांतता. मग एकाने विचारलं, "हा कोण बाबा? फॉर्म्युला वन कितीदा जिंकलाय?"

एकदाही नाही. फॉर्म्युला वनची एकही शर्यत तो धावलेला नाही. टेस्टिंग केलं, तेवढंच. ग्रुपवर सविस्तर लिहिलं असतं तर त्यावर लगेच कुणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल ठेवलं असतं, म्हणून इथे लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

डेन्मार्कमध्ये होब्रो नावाचं छोटं गाव आहे. तिथे वडिलांचा पेट्रोल पंप होता, आणि वडील स्वतः शर्यतीही धावायचे. १९६७ साली जन्मलेलं हे पोरगं तिथे, पेट्रोलच्या वासात वाढलं. १९९१ मध्ये त्याने जर्मन फॉर्म्युला थ्री जिंकली, १९९३ मध्ये जपानची. एवढं करूनही वरचं दार काही उघडलं नाही. १९९७ उजाडलं तेव्हा हा तिशीला टेकलेला आणि अजून फॉर्म्युला थ्री थाउजंडमध्येच, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली. आपल्याकडे रणजीत ढिगाने धावा काढूनही टीम इंडियाची हाक न आलेले लोक असतात ना, तशातली गत.

त्या जूनमध्ये योस्ट नावाच्या खासगी टीमचा फोन आला. त्यांचा एक ड्रायव्हर जायबंदी झाला होता आणि ल मांची २४ तासांची शर्यत काही दिवसांवर आलेली. जोडीदार मिकेले आल्बोरेटो आणि स्टेफान योहान्सन, दोघेही एकेकाळचे फेरारीचे ड्रायव्हर. हा ल मांला अगदीच नवखा, तरी शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी याने मारली. नशिबाचाही वाटा होता, ते लपवत नाही. पोर्शच्या फॅक्टरी टीमची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीमची, एक गाडी रविवारी सकाळी आपटली. दुसरी आघाडीवर असताना, शेवटचे दोनेक तास उरलेले असताना पेटली. मागे लागून असलेली योस्टची गाडी पहिली आली.

आता ल मां म्हणजे काय ते थोडक्यात. फ्रान्समध्ये, १९२३ पासून. साडेतेरा किलोमीटरहून जास्त लांबीची एक फेरी, आणि त्यातला बराचसा रस्ता एरवी ट्रक-ट्रॅक्टर जातात तो. शनिवारी दुपारी सुरू, रविवारी दुपारी संपणार. एका गाडीला तीन ड्रायव्हर. एकाने एकूण चौदा तासांच्या वर चालवायचं नाही, आणि कुठल्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त नाही. म्हणजे कितीही मोठा तीसमारखां असला तरी बराच वेळ त्याची गाडी दुसऱ्याच्या हातात.

मला या खेळात सगळ्यात बघावीशी वाटते ती ड्रायव्हर बदलण्याची वेळ. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टीमच्या थांब्यावर, थांबते, टाकीत नळी लागते. आतला माणूस पट्टे सोडून, स्वतःच्या मापाची गादी उचलून बाहेर पडतो. पुढचा आपली गादी टाकून आत घुसतो. मग बाहेर आलेला, घामाने निथळणारा माणूस तसाच निघून जात नाही. वाकून आतल्याचे पट्टे ओढून घट्ट करून देतो, रेडिओची वायर लावतो, पाण्याची नळी जोडतो. त्या आवाजात कानाशी ओरडून एखादं वाक्य सांगायचं असेल तर सांगतो. इंधन भरून होईस्तोवर हे सगळं उरकायचं.

माझे मामा ट्रकवर होते. नाशिक–इंदूर. दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. नवा जोडीदार असला की पहिल्या दोन खेपांना मामांचा मागच्या फळीवर डोळा लागायचा नाही. गिअर कसा पडतोय ते ऐकत नुसते पडून राहायचे. घाटात तर उठूनच बसायचे. ल मां पाहताना मला कायम ती फळी आठवते.

जोडीदारांवर भिस्त कशी असते, त्यासाठी आपल्या नारायण कार्तिकेयनचंच घ्या. २००९ मध्ये तो कोलेस टीमच्या ऑडीतून ल मांला उतरणार होता. शर्यतीच्या तोंडावर पिटच्या भिंतीवरून पडला आणि खांदा निखळला. उरलेल्या दोघांनीच चोवीस तास ओढले आणि गाडी सातवी आणली! त्यातला एक आंद्रे लोटरर, पुढे ऑडीकडून तीनदा जिंकला. शर्यत प्रत्यक्ष धावणारा पहिला भारतीय व्हायला २०१२ साल आणि करुण चंधोक यावा लागला. त्याची गाडी सहावी आली, आणि आपल्याकडच्या पेपरात ते कुठल्या कोपऱ्यात छापून आलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

तर क्रिस्टेनसेन. ल मांला एकूण नऊ विजय. २००० ते २००५ सलग सहा, त्यात २००३ चा बेंटलीतून. कुणी म्हणेल ऑडीची आर-एट गाडीच इतकी भारी होती की मीही जिंकलो असतो. अर्धं खरं आहे. त्या काळात ऑडीला तोडीस तोड म्हणावं असं फारसं कुणी नव्हतं. पण तशाच आणखी गाड्या दर वर्षी उतरायच्या, आणि जिंकायची ती नेमकी याची.

मला मात्र नऊपेक्षा दुसराच आकडा मोठा वाटतो. तो अठरा वेळा धावला. चौदा वेळा गाडी शेवटपर्यंत पोहोचली, आणि चौदाही वेळा तो पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता. पोहोचला आणि चौथा आला, असं एकदाही नाही. उरलेल्या चारांपैकी एकदा, १९९८ ला, बीएमडब्ल्यू बिघडली. बाकीच्या तीन वेळी मात्र गाडी गेली तेव्हा स्टिअरिंगवर तो नव्हताच.

१९९९. बीएमडब्ल्यू कित्येक फेऱ्यांनी पुढे. आत जे. जे. लेहतो. गाडीचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) तुटला, थ्रॉटल अडकलं, म्हणजे वेग कमी होईना, आणि गाडी भिंतीवर. लेहतोची चूक नव्हती, पण हातातली ल मां गेली ती गेली.

२००७. त्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या होकेनहाइमच्या ट्रॅकवर स्वतः क्रिस्टेनसेनचाच भीषण अपघात झाला होता, डोक्याला जबर मार. कसाबसा जूनपर्यंत उभा राहिला. गाडी पहिल्या नंबरवर, रविवारची सकाळ, आत रिनाल्डो कापेल्लो. मागचं चाक निखळलं.

२०११. पहिला तासही पुरा झाला नव्हता. ॲलन मॅकनिशने मागे पडलेल्या एका फेरारीला ओलांडायला जाऊन गाडी अक्षरशः उडवली. टायरच्या भिंतीवरून पलीकडचे फोटोग्राफर थोडक्यात वाचले. क्रिस्टेनसेन शर्यतीत एक फेरीसुद्धा न मारता बाद.

आपल्याकडे भागीदारीत एकदा असा फटका बसला की माणसं लग्नपत्रिका देणं बंद करतात. याने काय केलं? २००५ चा विजय, जॅकी इक्सचा सहा विजयांचा विक्रम ज्याने मागे पडला तो, लेहतोबरोबरचा आहे. २००८ ला, चाक निखळल्याच्या दुसऱ्याच वर्षी, गाडीत कापेल्लो आणि मॅकनिश. प्रतिस्पर्धी प्यूजो पात्रता फेरीत जवळपास पाच सेकंदांनी पुढे होती, कुणी ऑडीवर पैसे लावले नसते. रात्री पाऊस लागला. क्रिस्टेनसेनने त्या पावसात गाडी पुढे काढली आणि तिघांनी ती तिथेच ठेवली. चोवीस तासांनंतर दोन्ही गाड्या ३८१ फेऱ्यांवरच होत्या, एकाच फेरीत. माझ्या मते मोटर रेसिंगमधली गेल्या पन्नास वर्षांतली सर्वोत्तम शर्यत ही. वाद घालायचा तर कमेंटमध्ये या.

आणि २०१३. पुन्हा मॅकनिश, सोबत लोइक द्युव्हाल. त्या मार्चमध्ये होब्रोचे ते पंपवाले वडील गेले होते. जाण्याआधी पोराला सांगून गेले होते की या वर्षी तू जिंकणार. शर्यत सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली आणि ॲलन सिमोनसेनची ॲस्टन मार्टिन तेर्त्र रूज वळणावर आपटली. तोही डॅनिश, ३४ वर्षांचा. वाचला नाही. घरच्यांनी सांगितलं शर्यत चालू ठेवा, म्हणून चालू राहिली. म्हणजे पुढचे सगळे तास हे तिघं आळीपाळीने त्याच वळणावरून जात राहिले.

नववा विजय. पोडियमवर त्याने सांगितलं की हा वडिलांना द्यायचा मनात होता. दिला तो सिमोनसेनला.