डमी एक, फोटो पन्नास

आज आमच्या कॉलेजात सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायला शिकवणारी, कार्यशाळा झाली म्हणे. म्हणे अशासाठी, की मी पूर्ण वेळ तिथे बसले होते आणि तरी मला ती कुठे दिसली नाही. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांचा परिचय झाला (तो ऐकून खुद्द पाहुणेच अवघडले होते), मग पीपीटी. उरलेल्या वेळात सरावाची डमी बाहेर आली. दीडशे पोरं, एक डमी. दोघा-तिघांनी दाबून बघितली, त्यातला एक प्राचार्यांशेजारी उभा राहून. फोटो नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला. उद्या सगळ्यांना ई-सर्टिफिकेट.

इथवर ठीक होतं, सवय झालीय. पण नंतर स्टाफरूममध्ये एक सर चहा ओतत म्हणाले, "काय उपयोग मॅडम? आजकालच्या पोरांसमोर माणूस पडला तर व्हिडिओ काढतील." तिथे माझं डोकं सटकलं.

कारण मला आमचे नानामामा आठवतात. लग्नाच्या पंगतीत आग्रह करत फिरताना कोसळले. भोवती अख्खं गणगोत. कुणी म्हणे कांदा आणा, कुणी तोंडावर पाणी मारतंय, कुणी तळवे चोळतंय, एका काकांनी तर चप्पल हुंगवली. बँकेतले, शिक्षक, एक निवृत्त तहसीलदार. सगळे शिकलेसवरलेले, सगळे पन्नाशीपुढचे. गुडघ्यावर बसला तो एकच, नवरदेवाचा मित्र, एस.वाय.ला असलेलं पोरगं. सुट्टीत स्विमिंग टँकवर जीवरक्षकाचं काम करायचा, तिथे शिकलेला. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात, कोपरं ताठ, मोठ्याने आकडे मोजत दाबत होता. आणि आमच्यातलेच दोघं त्याचा दंड धरून ओढत होते, "अरे, बरगड्या मोडशील त्यांच्या!" मामा मध्येच एखादा आचका द्यायचे, की हे ओरडायचे, "श्वास चालू आहे, थांब!" तो श्वास नसतो, हे त्या एकट्या पोराला माहीत होतं.

म्हणजे पोरांना काही पडलेलं नाही, हे मला तरी सांगू नका.

दुपारी वर्गात विचारलं, कुणी पडलं तर कोण पुढे होईल? धडाधड हात वर. मग म्हटलं, कसं करायचं ते आत्ता इथे बेंचवर करून दाखवा. हात खाली. एक जण म्हणाला, "चुकलं तर? पोलिसांनी धरलं तर?" मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पडणारी बाई असली तर पोरं हात लावणार नाहीत. लावला तर लोक मारतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे? मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं 134अ कलम 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलं, पण ते गाडीच्या अपघातापुरतं. जिन्यात छाती धरून कोसळलेल्याचं त्यात नाव नाही. सद्भावनेने जीव वाचवायला गेलेल्याला फौजदारी कायद्यातही आधार आहे, पण ते वकिलाला माहीत. एफ.वाय.च्या पोराला कुणी सांगितलंय?

हो, व्हिडिओ काढणारीही आहेत. माझ्या वर्गातही असतील. बरं, मग?

आणि शिकायचं तरी किती आहे? 108 ला फोन, स्पीकर चालू, आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहायचं. मेंदू चार-पाच मिनिटांतच मरायला लागतो, आणि आमच्या घाटात तेवढ्यात गाडी येईल असं मानणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. डेन्मार्कने 2005 मध्येच हे शाळेत सक्तीचं केलं. आपण सक्तीचा केला पर्यावरणाचा पेपर, ज्याचा प्रोजेक्ट पोरं एकमेकांचा बघून उतरवतात आणि आम्ही न उघडता मार्क देतो. त्यातला एक तास, एकच तास, मागतेय मी.

सीपीआर दिला म्हणजे माणूस उठून बसतोच असं नाही, मान्य. मामा तिसऱ्या दिवशी गेलेच. दोन बरगड्याही खरंच मोडल्या होत्या. पण तोवर बंगळुरूहून त्यांचा धाकटा पोचला, हातात हात घेऊन बसला. मामी अजून दर दिवाळीला त्या पोराच्या घरी फराळाचा डबा पाठवते. दंड ओढणाऱ्यांना काही पाठवत नाही, एवढं सांगते.

जाऊ दे. चिडून लिहायला बसले होते, आता नुसतंच वाईट वाटतंय.

तर कामाचं. हे हाताला धरून शिकवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, डॉक्टर, नर्स, फायर ब्रिगेडमधले, कुणीही, तर इनबॉक्स करा. शनिवारी दुपारी वर्ग रिकामा असतो. सत्कार होणार नाही, चहा आणि वडापाव मिळेल. फक्त डमी चार-पाच तरी आणा. प्रत्येक पोराचा घाम निघाला पाहिजे.