वैनगंगेत रिव्हर्स पार्किंग

बोटीवर कॅमेरे बसवणं सोपं आहे. ते कुठं बघतील हे ठरवायला मात्र अख्खी मच्छीमार संस्था, तिची कार्यकारिणी, महिला बचत गट आणि चहाची मोठी किटली लागते. या संस्थेचा मी सचिव. म्हणजे सभेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरणारा आणि सगळ्यांच्या शेवटी शिव्या खाणारा.

आमची बोट पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालते. धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढं यथावकाश वैनगंगेचं पाणी अडलं आणि शेतं, विहिरी, पांदण सगळं होतं तसं खाली गेलं. धुऱ्यावरच्या बाभळी पाण्यातच वाळून उभ्या आहेत. पाणी चढलं की त्यांचे शेंडे वीतभर खाली दडून बसतात. वर लोकांची जाळी, काठाला बेशरमाची झुडपं, आणि नाग नदी नागपूरहून जे काही घेऊन येते त्यावर माजलेली जलपर्णी. त्यात आमची फायबरची बोट वेग घेतला की नाक वर करते, आणि मागं इंजिनापाशी बसलेल्या मामांना समोर फक्त आभाळ दिसतं. काठाजवळ आलं की पोहणारी पोरं मागून चढायला धावतात, नेमका जिथं पंखा फिरतो तिथून. तेव्हा कॅमेऱ्याची गरज होती, याबद्दल दुमत नव्हतं. दुमत पुढं झालं.

फिटर पोरगा तालुक्याहून आला. किराणा दुकानं, बार, एक पतसंस्था, एवढा त्याचा अनुभव. पाण्यावरचं हे पहिलंच काम. त्यानं पिशवीतून ड्रिल मशीन काढली, बोटीच्या कडेला पेन्सिलनं फुली मारली आणि मामा उभे राहिले.

‘‘काय करून रायला गा?’’

‘‘भोक पाडतो, काका. वायर आत घ्यावी लागते.’’

‘‘नावेले भोक?’’

मामांनी आयुष्यभर नावेची भोकं बुजवली आहेत. डांबर, चिंध्या, पुढं एम-सील. पैसे देऊन भोक पाडून घ्यायचं ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडेना. पोरगा म्हणाला, सिलिकॉन भरतो. मामा म्हणाले, तुह्या घराच्या स्लॅबले पाड आणि भर. शेवटी गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपची कमान करून आणली, ती आधीच्याच बोल्टांवर कसली आणि कॅमेरे तिच्यावर चढले. एक पुढं, एक मागं पंख्यावर, दोन बाजूंना.

कॅमेऱ्याच्या डब्यावर ‘आयपी 67’ लिहिलं होतं. यातला 6 धुळीचा आणि 7 पाण्याचा. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत थेंब जाणार नाही. पोरानं बादलीत बुडवून दाखवलासुद्धा. पण शांत पाण्यात बुडणं वेगळं आणि बोटीच्या नाकावर सपासप फवारे खाणं वेगळं. त्या माराची परीक्षा या 7 मध्ये येतच नाही. चार दिवसांत पुढच्या काचेला आतून घाम फुटला. पोरानं तो उघडला, आत नव्या चपलांच्या खोक्यात येते तसली सिलिका जेलची पुडी टाकली आणि सीलवर ग्रीस फासून परत बंद केला. हा उपाय मला अजूनही चपलेच्या दुकानातलाच वाटतो, पण टिकला आहे.

खरी गंमत पडदा चालू झाल्यावर. पोरानं स्वस्तात पडतात म्हणून गाडीच्या मागं लावायचे कॅमेरे आणले होते. त्यामुळं वैनगंगेच्या विशाल पात्रावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे उमटले.

‘‘पान्यात पट्टे कोनं मारले?’’ मामा.

‘‘ते पार्किंगचे आहेत, काका. लाल पट्ट्यात काही आलं की थांबायचं.’’

‘‘लाल पट्ट्यात पानीच हाये. थांबू?’’

पट्ट्यांचं हसण्यावारी गेलं, पण रिव्हर्स कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं दाखवतो, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. पडद्यावर खुंट दिसला डावीकडं. पोरगा ओरडला, ‘‘काका, उजवीकडं घ्या!’’ मामांनी पडद्याकडं न बघता पाण्याकडं बघितलं, त्या पोराच्या सात पिढ्या काढल्या आणि बोट डावीकडं घातली. खुंट उजवीकडून खरखरत गेला. मग पोरानं कॅमेऱ्याच्या शेपटातून निघालेली एक छोटी हिरवी वायर कटरनं तोडली, आणि नदी सुलटी झाली. दुसरी तोडली, पट्टे गेले. एवढंच होतं. पण मामांचा कॅमेऱ्यावरचा विश्वास त्या वायरीबरोबर जो तुटला तो तुटलाच.

उद्घाटनाला अध्यक्ष काळा गॉगल घालून आले. गॉगल पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी मारणारा, भारीतला. पण त्यातून असला पडदा विशिष्ट कोनातून काळा ठिक्कर दिसतो. अध्यक्षांना काहीच दिसेना. गॉगल काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी मान खांद्यावर टेकवली, तशी चित्र दिसू लागलं. सगळे फोटो तसेच निघाले.

इथून पुढं कॅमेरे फिरू लागले. बचत गटाच्या बाया म्हणाल्या, पाण्याचं काय बघता, वजनकाट्याकडं बघा. रोहू-कतला मोजताना टोपल्याचं वजन कोण धरतं नि कोण सोडतं ते कळू द्या. रास्त मागणी. उजवा कॅमेरा काट्याकडं वळला. कोषाध्यक्षांना पेट्रोलच्या डबकीची फार दिवसांपासून शंका होती. डावा डबकीकडं. अध्यक्षांचं म्हणणं, पुढच्या कॅमेऱ्यात पाहुणे येत नाहीत, तर तो आत वळवा. वळवल्यावर पाहुणे दिसले, शिवाय लाइफ जॅकेटंही दिसली: सगळी प्लास्टिकसकट, बुडाखाली. गादी म्हणून. राहिला मागचा, पंख्यावरचा. तो कुणी वळवला ते माहीत नाही. एका सकाळी तो ताश खेळणाऱ्यांकडं बघत होता.

ताशाचं प्रकरण सभेत आलं. बोट माल आणायला पाठवली आणि मधल्या टेकाडाला लावून तिघं पत्ते कुटत बसले, असा आरोप. पुरावा पडद्यावर लावला. चेहरे स्पष्ट, पत्ते स्पष्ट, एकाच्या हातात तीन एक्के असल्याचंही स्पष्ट, ज्यावरून उरलेल्या दोघांत तिथंच वेगळी जुंपली. आरोपींनी मान खाली घातली. तेवढ्यात एकाचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडं गेलं. 1 जानेवारी 2000.

झालं असं होतं की बॅटरी एकच. इंजिनाला स्टार्टर मारला की तो सगळा करंट ओढून घेतो, बारा व्होल्ट धपकन खाली येतात, रेकॉर्डर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि आतलं घड्याळ मूळ तारखेवर जातं. आमची बोट रोज सकाळी नव्या सहस्रकात प्रवेश करत होती.

‘‘साहेब,’’ तो उठून उभा राहिला, ‘‘2000 साली इथं धरनाचं पानी होतं का?’’

नव्हतं.

‘‘बोट होती का?’’

नव्हती.

‘‘एक जानेवारीले इथं आमची लाखोरी उभी राये. त्या टेकाडावर आजी राखन बसे. मी ताश कायले खेळीन?’’

सभेला उत्तर नव्हतं. दोन म्हातारे तर त्या लाखोरीच्या डाळीची चव काढत बसले, आणि तिथून विषय मोबदल्यावर गेला. मोबदल्यावर गेलेला विषय आमच्याकडं त्या दिवशी परत येत नाही. तिघं सुटले.

आता रेकॉर्डरला वेगळी छोटी बॅटरी आहे, मध्ये फ्यूज आहे, तारीख बरोबर आहे. रात्रीचं मात्र विचारू नका. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात जो लाल दिवा लागतो, त्यावर नदीकाठचे झाडून सगळे किडे येतात आणि हिवाळ्यात धुकं पडलं की पडदा नुसता पांढरा. मामा तेव्हा पडद्यावर दुपट्टा टाकतात, इंजिन हळू करतात आणि समोर बांबू घेऊन एक पोरगा उभा करतात.

गेल्या सभेत मामांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाले, चार कॅमेरे झाले, पान्याकडं एक तरी पायते का? सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग पाचवा कॅमेरा फक्त पाण्याकडं लावायचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या थांबल्यावर कोषाध्यक्षांनी एक छोटी दुरुस्ती सुचवली: लावतोच आहोत तर तो जरासा तिरपा ठेवावा, म्हणजे सचिवांची पिशवीही त्यात येईल. त्यालाही टाळ्या पडल्या.

इतिवृत्त लिहिणं माझ्याकडं असतं. मी ‘पाण्याकडे’ एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.