केंद्रकातली झटापट राहिलीच की!

पेशी विषाणूचा डीएनए कसा ओळखते, यावरचा तुमचा लेख वाचला. पेशीद्रवात (केंद्रकाबाहेरच्या द्रवात) भटका डीएनए दिसला की सीगॅस हे पहारेकरी प्रथिन बोंब ठोकतं आणि इंटरफेरॉन हा विषाणूविरोधी इशारा सुटतो, हे त्यात छान उतरलंय. पण केंद्रकातली झटापट राहून गेली. हर्पिस सिम्प्लेक्स या ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूचा डीएनए तिथे शिरला की पीएमएल प्रथिनाचे ठिपके त्याला घेरून गप्प करू पाहतात. विषाणूही बेरकी, त्याचं आयसीपी-झिरो नावाचं प्रथिन ते ठिपकेच मोडून टाकतं! कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला. मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं दडतो नि उतारवयात नागीण होऊन उठतो. आईच्या डाव्या बरगडीवर फोड आले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "विळखा पुरा झाला की संपलं." नागीण एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते, म्हणून सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, हे त्यांना पटवताना माझीच दमछाक झाली.