सगळ्यांचा हक्क आधी, माझी पाळी शेवटी

गेले चौदा महिने मी लिस्बनच्या जुन्या शहरात एक लहानसे घर विकत घेण्याच्या खटपटीत आहे आणि एवढ्या काळात माझ्या हाती काय लागले म्हणाल, तर कागदपत्रांचे एक बाड आणि वाढलेला रक्तदाब. घरे महाग आहेत ही माझी तक्रारच नाही. २०१२ सालापासून घर घेणाऱ्या धनाढ्य परदेशी मंडळींना सरकार येथे राहण्याचा परवाना म्हणून गोल्डन व्हिसा वाटत बसल्यावर आणि २०२३मध्ये जाग येऊन ती वाट बंद केल्यावर किमती काय आपोआप खाली उतरणार होत्या? माझा संताप निराळा आहे. येथील प्रत्येक जुन्या घरावर कोणाचा ना कोणाचा हक्क माझ्या आधी असतो आणि ती रांग किती लांब आहे, हे खिशातून पैसे गेल्याखेरीज कोणीही सांगत नाही.

दलालांपासूनच सुरुवात करू. एकच घर चार दलालांकडे तीन वेगवेगळ्या किमतींना लागलेले असते आणि त्यांपैकी कोणती खरी, असे विचारले की चौघेही दुसऱ्या तिघांना खोटे ठरवितात. मोरारिया वस्तीतील एका घराच्या जाहिरातीत बासष्ट चौरस मीटर लिहिले होते, सरकारी उताऱ्यावर एक्कावन्न होते आणि मी स्वतः टेप लावून मोजले तेव्हा त्रेचाळीस भरले. येथे एक झोपायची खोली असलेल्या घराला टी-वन म्हणतात, पण त्या खोलीला खिडकी असलीच पाहिजे असे कोणी समजू नये. त्या घराची खोली चारही बाजूंनी बंद होती आणि मी मोबाइलचा दिवा लावून भिंती चाचपत असताना दलाल मोठ्या प्रेमाने म्हणाला, ‘उन्हाळ्यात फार गार राहते.’

त्याआधी अल्फामा वस्तीतील एक घर पाहिले होते, त्याची आठवण आजही बोचते. दार उघडले ते ऐंशीच्या घरातील एका आजीबाईंनी. त्या तेथे लग्न होऊन आल्या होत्या, भाडेकरार १९९०पूर्वीचा होता आणि अशा करारावर राहणाऱ्या वृद्ध भाडेकरूला हलविणे येथे जवळजवळ अशक्य असते. हे योग्यच आहे, त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. परंतु जाहिरातीत याचा एका अक्षरानेही उल्लेख नव्हता. आजीबाई माझ्यासाठी कॉफी ओतत होत्या आणि दलाल माझ्या कानाशी लागून म्हणाला, ‘घर आज रिकामे नाही, पण फार वर्षे लागणार नाहीत.’ मला त्या कॉफीचा घोट गिळवेना. शिवाय घर विकायला निघाले की दोन वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या भाडेकरूला ते आधी देऊ करावे लागते, हेही मला दलालाने नव्हे, माझ्या वकीलबाईंनी सांगितले. मी मूळचा गोव्यातील फोंड्याचा. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, राहते घर विकत घेण्याचा हक्क असतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मग घरे विकण्याचाच धंदा करणाऱ्या माणसाला हे सांगायला काय धाड भरली होती?

तरीही शेवटी मन बसले ते मोरारियातील त्या त्रेचाळीस मीटरवरच, कारण स्वयंपाकघरातून तेजू नदीची बोटभर पट्टी दिसत होती. जमीन एवढी उतरती होती की मी पन्नास सेंटचे नाणे उभे सोडले, तर ते बैठकीतून निघून थेट चुलीखाली गेले. भिंतीत ‘गायोला’ आहे, असे दलाल छातीठोकपणे सांगत होता. गायोला म्हणजे १७५५च्या भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने खालचे शहर नव्याने उभारले, तेव्हा भिंतींच्या पोटात बसविलेला लाकडी सांगाडा. या घराच्या भिंतीचा पोपडा मी नखाने काढला, तर आत नुसता चुना आणि दगडगोटे निघाले. ऑगस्ट २०२४मध्ये पहाटे शहराला हादरा बसला, त्याची मी आठवण करून दिली, तर म्हणे, ‘पाहा, तरीही उभे आहे ना!’

मी इसाऱ्याआधीची राखीव रक्कम भरली, बँकेच्या मूल्यमापनाचे शुल्क भरले, वकीलबाईंचे पैसे भरले आणि मग मला कळले की या घराला मालक एक नसून पाच आहेत. म्हातारा वारला होता, वाटणी झालेलीच नव्हती. एक मुलगी फ्रान्समध्ये लियाँला, एक मुलगा साओ पाउलोला आणि उरलेले तिघे याच शहरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. पाचांच्या सह्या हव्यात, आणि विवाहाच्या वेळी मालमत्ता विभक्त ठेवल्याचा करार नसेल, तर त्यांच्या नवऱ्या-बायकांची संमतीही हवी. हे ऐकून मला हसावे की रडावे कळेना. ज्या पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी कायद्याने आमच्या गोव्यातील वाड्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची भाऊबंदकी चिकटविली, त्यांनी स्वतःचा कायदा १९६६मध्ये बदलला खरा, पण वारसांचा हट्ट तसाच राहिला. आमच्या आजोबांच्या घराचे छप्पर तेवीस सह्यांअभावी बसले, म्हणून मी या कटकटीपासून सात समुद्र लांब आलो होतो!

सह्या नाहीत, म्हणून इसारा देऊन करायचा वचनकरार नाही. आणि वचनकरार नाही, म्हणून विक्रेत्याने माघार घेतल्यास इसारा दुप्पट परत मिळण्याचा जो नियम सगळे कौतुकाने सांगतात, तोही मला लागू नाही. दरम्यान बँकेच्या माणसाने उताऱ्यावरचे एक्कावन्न मीटर धरून किंमत कमी आणली. कर्ज तर किंमत आणि मूल्यमापन यांपैकी कमी असेल त्यावर मिळते, म्हणून मला आणखी रोकड उभी करावी लागली. एवढे सगळे जुळले असते तरी अशा वस्तीत नगरपालिकेचाही अग्रहक्क येतो. पंधरा युरो भरून विक्रीची सूचना सरकारी संकेतस्थळावर लावायची आणि त्यांना घर नको आहे ना, याची कामकाजाचे दहा दिवस वाट पाहायची. खरे सांगायचे तर या साऱ्या रांगेत तेवढी एकच पायरी मला सुसंस्कृत वाटली, कारण तिला निदान मुदत तरी आहे.

त्या पायरीपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. पाच महिन्यांनी साओ पाउलोच्या चिरंजीवांनी कळविले की बाजार चढतो आहे, सबब ते सही करणार नाहीत. राखीव रक्कम परत आली. मूल्यमापनाचे आणि वकिलीचे पैसे गेले ते गेलेच, आणि कोणी ‘माफ करा’ एवढेही म्हटले नाही.

काल संध्याकाळी तेच घर पुन्हा जाहिरातीत दिसले. दलाल नवा आहे, किंमत तीस हजार युरोंनी वाढली आहे, क्षेत्रफळ आता पासष्ट चौरस मीटर झाले आहे आणि छायाचित्रात दारामागच्या खुंटीला माझी काळी छत्री लटकते आहे, जी मी तिसऱ्या भेटीत तेथे विसरलो होतो.