ड्रॅगन बॉलचे सिनेमे वगळा म्हणणाऱ्यांसाठी

'ड्रॅगन बॉल' ही जपानी कार्टून मालिका नव्यानं बघायला घेणाऱ्याला जुने फॅन एक सल्ला हमखास देतात: मालिका बघ, सिनेमे सोडून दे. कारणंही ठरलेली असतात. सिनेमे मूळ कथेत बसत नाहीत, सगळे एकाच साच्यातले आहेत, मूळ मांगा (जपानी चित्रकथा) रचणाऱ्या अकिरा तोरियामा यांचा त्यांच्याशी संबंध नाही, त्यांत मार्शल आर्ट नावापुरती आणि बाकी नुसते हातांतून सोडलेले ऊर्जेचे किरण, आणि नायक गोकू सोडला तर इतर लढवय्ये मार खायलाच ठेवलेत. हा सल्ला इतका फिरलाय की लोक खरोखरच सिनेमांकडे वळत नाहीत. त्यात त्यांचं फार नुकसान होतं, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

"मूळ कथेत बसत नाहीत." पुष्कळसे बसत नाहीत, हे खरंच आहे. 1989 सालच्या 'ड्रॅगन बॉल झेड'च्या पहिल्या सिनेमात गोकूचा मित्र क्रिलिन गोकूच्या छोट्या मुलाला, गोहानला, भेटतो. मालिकेत मात्र गोकू गोहानला आपले गुरू मास्टर रोशी यांच्या बेटावर घेऊन येतो, तेव्हा क्रिलिन त्याला पहिल्यांदा बघतो. हा मेळ कोणालाच घालता येणार नाही. पण त्याच सिनेमातला खलनायक गार्लिक ज्युनिअर पुढे मालिकेत परतला आणि नामेक ग्रहाच्या पर्वानंतरचे दहा भाग त्याच्यावरच बेतले गेले. सिनेमा घडलाच नसेल, तर हा आला कुठून? 1990 च्या टीव्ही विशेष भागातल्या बार्डॉकचं, म्हणजे गोकूच्या वडिलांचं, उदाहरण तर याहून बोलकं आहे. ती कथा मालिका बनवणाऱ्या तोएई अ‍ॅनिमेशनच्या लोकांनी रचली होती. तोरियामांना ती इतकी आवडली की त्यांनी बार्डॉकला आपल्या मांगामध्ये घेतलं. गोकू आणि त्याचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा एकरूप होऊन बनणारा गोजिटा पहिल्यांदा दिसला 1995 च्या सिनेमात आणि 2018 मध्ये मुख्य कथेचा झाला. 2015 ला सुरू झालेल्या 'ड्रॅगन बॉल सुपर'चे पहिले सत्तावीस भाग 2013 आणि 2015 च्या दोन सिनेमांचीच गोष्ट पुन्हा सांगतात. मुख्य कथेनं सिनेमांकडून इतकं घेतलेलं असताना त्यांना कथेबाहेर बसवणं मला पटत नाही.

"सगळे एकाच साच्यातले." दुसरा, तिसरा, चौथा आणि सातवा हे चार सिनेमे गेंकीदामानं, म्हणजे सगळ्यांची ऊर्जा गोळा करून केलेल्या गोळ्यानं, संपतात, आणि संकटातल्या गोहानसाठी त्याचा पहिला गुरू पिकोलो धावून येतो हेही अनेकदा घडतं. मान्य. याचं कारण हे सिनेमे कसे बनत त्यात आहे. जपानमधल्या शाळांना वसंतात आणि उन्हाळ्यात सुट्टी लागली की तोएई मुलांसाठी कार्टूनपटांचा एकत्र खेळ लावायची. 'झेड'चे तेरा सिनेमे 1989 ते 1995 या काळात, वर्षाला दोन या हिशेबानं, त्यातच आले. बहुतेकांची लांबी तासाभराच्या आसपास. मांगा दर आठवड्याला पुढे सरकत होता, त्यामुळे सिनेमात कोणाला कायमचं मारता येत नसे की बदलता येत नसे. इतक्या बंधनांत सातवा आणि अकरावा फसले, चौथाही मला फारसा भावत नाही. म्हणून तेराही फसले असं होत नाही.

"तोरियामांचा हात नाही." जुन्या सिनेमांच्या पटकथा त्यांच्या नाहीत, 1993 च्या 'ब्रोली' या सिनेमाची पटकथा ताकाओ कोयामा यांची आहे. पण त्यातल्या ब्रोली या खलनायकाचं रूप रेखाटलं तोरियामांनी. कूलर या दुसऱ्या खलनायकाचंही त्यांनीच. 2013 पासून तर ते कथेतही उतरले आणि 2018 च्या 'ब्रोली'ची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली. त्यांनी जुन्या पात्राचं काय केलं ते बघा. 1993 चा ब्रोली गोकूवर चिडतो, कारण पाळण्यात असताना शेजारचा गोकू सारखा रडायचा. इतकंच. 2018 चा ब्रोली ओसाड ग्रहावर वाढलेला, बापानं गळ्यात विजेचे झटके देणारा पट्टा अडकवलेला, मनानं साधा मुलगा आहे. कोणाशी वैर नसताना त्याला लढायला उभं केलं जातं. जुना सिनेमा नसता तर हा नवा ब्रोली जन्मलाच नसता.

आता ज्या मुद्द्याचा मला सर्वांत जास्त राग येतो तो: "यात मार्शल आर्ट नाही." 1990 चा दुसरा सिनेमा घ्या. बर्फात पन्नास वर्षं गाडला गेलेला शास्त्रज्ञ डॉक्टर व्हीलो, ज्याचा फक्त मेंदू उरलाय, त्याला जगातल्या सर्वांत बलवान माणसाचं शरीर हवंय. त्याची माहितीही पन्नास वर्षं जुनी, म्हणून तो मास्टर रोशींना पळवून आणतो. मग म्हातारे रोशी त्याच्या माणसांपुढे उभे राहतात. पवित्रा तोच, कामेहामेहा हा त्यांचा गाजलेला किरणही आहे, फक्त अंगात पूर्वीची ताकद नाही. मालिका रोशींना केव्हाच मागे सोडून गेली होती. गोकूच्या गुरूला पुन्हा रिंगणात उतरवलं ते सिनेमानं.

2018 ची ब्रोलीची लढत हा तर लढाई कशी रचावी याचा वस्तुपाठ आहे. आधी व्हेजिटा, मग गोकू, शेवटी गोजिटा. ब्रोलीला रीतसर शिक्षण नाही, तो समोरच्याशी लढता लढताच शिकतो. सुरुवातीला त्याचे हात कसेही चालतात, हळूहळू तो वार अडवायला लागतो, मग उलटवायला. दिग्दर्शक तात्सुया नागामिने यांनी काही क्षण कॅमेरा थेट लढणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवलाय, त्यामुळे ठोसा आपल्यावरच येतो. कोण वरचढ होतंय हे आकडे न सांगता नुसत्या शरीरांच्या हालचालीतून कळतं. पॉवर लेव्हलवर, म्हणजे कोणाची ताकद किती आकड्याची यावर, वाद घालणाऱ्यांनी हा भाग आवाज बंद करून बघावा.

आणि किरणांचीच तक्रार असेल, तर 2022 चा 'सुपर हिरो' शेवटच्या श्रेयनामावलीनंतरही बघत राहा. बीरस या विनाशाच्या देवाच्या ग्रहावर गोकू आणि व्हेजिटाची सरावाची कुस्ती चालू आहे, किरण नाही, रूपांतर नाही, नुसते हात-पाय. दोघं इतके थकतात की हात उचलवत नाही. शेवटचा ठोसा व्हेजिटाचा लागतो आणि तो जिंकतो. ज्या व्हेजिटानं अख्खं आयुष्य या एका विजयामागे घालवलं, त्याला तो सिनेमात मिळतो आणि तोही फक्त मुठींच्या जोरावर. मला तो प्रसंग कितीही वेळा बघितला तरी भरून येतं.

गोकू सोडून इतर मार खायलाच असतात, या शेवटच्या मुद्द्याचंही अर्धं उत्तर इथेच आलं. उरलेलं अर्धं म्हणजे 'सुपर हिरो'चा मुख्य भाग, जिथे गोकू पृथ्वीवर नाहीच. गोहानच्या तीन वर्षांच्या मुलीला, पानला, शिकवणारा पिकोलो आणि पुस्तकांत बुडालेला गोहान या दोघांवरच सगळा भार आहे, आणि सेल मॅक्स या राक्षसाला संपवणारा घाव गोहान आपल्या पहिल्या गुरूच्याच डावानं घालतो. 1993 च्या नवव्या सिनेमातही बोजॅक या खलनायकाला हरवतो तो बाप गमावलेला गोहान. गोकू परलोकातून येतो तो जेमतेम एक ठोसा मारून मुलाला उभं करण्यापुरता.

सगळे सिनेमे बघायला वेळ नसेल, तर दुसरा, सहावा, नववा आणि बारावा घ्या, आणि मग 2013 पासूनचे चारही. सहावा यासाठी की गोकू आणि व्हेजिटा दोघंही सुपर सैयान, म्हणजे सोनेरी केसांचं बलवान रूप, होऊन खांद्याला खांदा लावून लढतात. मोठ्या कष्टानं एका धातूच्या कूलरला पाडतात, वर मान करून बघतात, तर टेकडीवर तसल्याच कूलरांची रांगच्या रांग उभी असते. 1993 चा 'ब्रोली' मात्र 2018 च्या आधी बघा, नंतर नको.