जसजसे वर जाल, तसतसं कमी ऐका

व्यवस्थापकाला तीन प्रकारची कौशल्यं लागतात, असं रॉबर्ट काट्झ यांनी १९५५ साली मांडलं. एक तांत्रिक, दुसरं माणसं सांभाळण्याचं आणि तिसरं सगळ्या कारभाराचं चित्र डोक्यात ठेवण्याचं. खालच्या पायरीवर तांत्रिक जास्त, वरच्या पायरीवर चित्राचं जास्त, माणसांचं मात्र सगळीकडे सारखंच. तेव्हापासून तिरप्या रेघांचा तो तक्ता ट्रेनिंगमध्ये दाखवला जातो, चहा-सामोसा होतो आणि मंडळी लाइनवर परततात. तक्ता चुकीचा नाही. पण चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो जसाच्या तसा वापरायला गेलात, तर तुमचं अप्रेझल बसलंच म्हणून समजा. म्हणून इथे स्थानिक आवृत्ती देतो. उदाहरणाला एकच गोष्ट घेऊ: सेकंड शिफ्टला घरघरायला लागलेला एका सीएनसी लेथचा (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्राचा) स्पिंडल, म्हणजे ‘जॉब’ (घडवायचा नग) धरून फिरवणारा दांडा.

पहिली पायरी सुपरवायझरची. तुम्ही शॉपमधले सगळ्यात चांगले सेटर (मशीनची जुळणी करणारे) होतात, म्हणून तुम्हाला सुपरवायझर केलं. कंपनीचा एक सेटर कमी झाला आणि एक एक्सेल भरणारा वाढला, हा हिशोब कोणी मांडत नाही, तुम्हीही मांडू नका. आता तुम्हाला पहिल्यांदा जे येतं ते विसरायचं आहे, आणि ते सोपं नाही. ऑपरेटर येऊन म्हणेल, “साहेब, स्पिंडल आवाज करतोय.” तुमचे कान टवकारतील. बेअरिंग गेलं असणार, हे तुम्हाला दहा फुटांवरून कळेल. मशीन थांबवावं, स्पिंडल नोजला डायल लावून हाताने फिरवून रनआउट (फिरताना तो किती डगमगतो ते) बघावा, घरघर ठराविक आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला ठराविक फेऱ्यांनाच, वाढते का ते तपासावं, गेल्या आठवड्यात टूल चकच्या जॉला (जॉब पकडणाऱ्या जबड्याला) कोणी धडकवला का ते विचारावं, असं सगळं मनात येईल. या कामाला अर्धा तास लागतो. अर्धा तास म्हणजे तीस जॉब. मोह आवरा.

त्याऐवजी आरपीएम २२०० वरून १८०० वर आणा. आवाज कमी होतो. बेअरिंग तेवढंच खराब राहतं, पण बोलत नाही. सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) तीन-चार सेकंदांनी वाढतो, त्याचं काय करायचं ते वरची पायरी बघेल. लॉगबुकात लिहा: “मशीन ओके. निरीक्षणाखाली.” ‘निरीक्षणाखाली’ हा शब्द फार कामाचा आहे. निरीक्षण कोणी, कशाने आणि कधीपर्यंत करायचं, यातलं काहीही त्यात येत नाही.

जॉबचा बोअर (आतलं भोक) तपासायला प्लग गेज, म्हणजे ठरलेल्या मापाची दोन टोकांची गोल खुंटी, वापरा. थकलेल्या स्पिंडलवर बोअर लंबगोल व्हायला लागतो. प्लग गेजची ‘गो’ (किमान मापाची) बाजू आत जाते, ‘नो-गो’ (कमाल मापाची) अडते आणि जॉब पास होतो, कारण नो-गो अडायला बोअर एका दिशेने अरुंद असला तरी पुरतं. दुसऱ्या दिशेने तो मर्यादेबाहेर गेलाय, हे गोल प्लगला कळायचं कारण नाही. डायल बोअर गेज आत घालून फिरवलं तर काटा लगेच हलतो. म्हणून ते गेज कॅलिब्रेशनला पाठवलेलं असणं सोयीचं.

माणसं सांभाळण्याचं कौशल्य या पायरीवर रविवारी लागतं. ऑपरेटर वयाने मोठा असेल तर ‘मामा’ म्हणा, बरोबरीचा असेल तर ‘भाऊ’. “मामा, एवढा एक रविवार बघा ना” याला पूर्ण शिफ्ट मिळते, “रविवारी यायचंय” याला मेडिकल मिळतं. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो, म्हणून त्याला ‘कॉम्प-ऑफ’ (बदली सुट्टी) म्हणा आणि डिस्पॅचचा जोर ओसरला की देऊ असं सांगा. डिस्पॅचचा जोर १ एप्रिलला सकाळी दोन तास ओसरतो.

दुसरी पायरी प्रॉडक्शन मॅनेजरची. इथे स्पिंडलशी तुमचा थेट संबंध संपतो आणि ओईईशी (मशीनच्या एकूण परिणामकारकतेच्या आकड्याशी) सुरू होतो. उपलब्धता गुणिले कामगिरी गुणिले गुणवत्ता. ८५ टक्के आले की तुम्ही जागतिक दर्जाचे, असं पोस्टरवर लिहिलेलं असतं. हा आकडा मशीनला हात न लावता कसा वाढवायचा, ते नीट समजून घ्या, कारण या पायरीवरचं खरं तांत्रिक कौशल्य हेच.

समजा शिफ्ट ४८० मिनिटांची आहे. जेवण आणि दोन चहा वजा जाता ४३० उरली. ब्रेकडाउनमध्ये ४० गेली, सेटिंग बदलण्यात ६०. मशीन चाललं ३३० मिनिटं. जॉबचा ठरलेला सायकल टाइम ६० सेकंद. निघाले ३१० जॉब, त्यातले १२ नापास. खरी उपलब्धता ७६.७ टक्के, कामगिरी ९३.९, गुणवत्ता ९६.१. गुणाकार ६९.३. हा आकडा घेऊन रिव्ह्यूला बसायचं म्हणजे परीक्षेला पेन न घेता बसायचं.

आता सेटिंगची ६० मिनिटं ‘नियोजित थांबा’ या रकान्यात टाका. नियोजितच होती, खोटं काहीच नाही. भाजक ३७० झाला आणि उपलब्धता ८९.२ वर गेली. मग सायकल टाइम ६० वरून ६३ करून घ्या. कारण विचारलं तर ‘प्रोसेस स्टॅबिलिटी’ म्हणा, आणि सुपरवायझरने आरपीएम का उतरवला ते कोणी विचारणार नाही. कामगिरी ९८.६ झाली. इथे हाव करू नका. ६४ केलात तर ती १०० च्या वर जाते, आणि शंभराच्या वर गेलेला आकडा एमडींनासुद्धा दिसतो. शेवटी १२ नापास जॉबपैकी १० ‘रिवर्क’मध्ये घाला. गुणवत्ता ९९.४. गुणाकार ८७.४. एकही जॉब जास्त निघाला नाही, एकही नट आवळला नाही, तरी आकडा ६९.३ वरून अठरा अंकांनी सुधारला. कायझेन (सतत सुधारणा) स्पर्धेत नाव द्यायला विसरू नका.

त्या दहा जॉबचं पुढे काय होतं? रिवर्कची ट्रे रात्री अडीचच्या सुमाराला चांगल्या मालात मिसळते. कोण मिसळतं हे शोधू नये.

महिनाअखेरीला ग्राहकाची तक्रार येते. बोअरमध्ये दाबून बसवलेला बुश (छोटी नळी) सैल, बोअर लंबगोल, अमुक नग परत. आता ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, लिहायचा. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी पाच वेळा ‘का’ विचारायला शिकवलं. त्यांचंच उदाहरण बघा: मशीन थांबलं, कारण लोड वाढून फ्यूज उडाला. लोड वाढला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. वंगण पुरत नव्हतं, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला, कारण गाळणीच नव्हती आणि धातूचा चुरा आत जात होता. छान उदाहरण आहे, पण ओनोंना पुढच्या आठवड्यात अप्रेझल नव्हतं. आपल्याकडे दुसऱ्या ‘का’ला थांबायचं. जॉब नापास का? बोअर लंबगोल. तो पुढे का गेला? ऑपरेटरने नीट तपासला नाही. बस. तिसऱ्या ‘का’च्या पलीकडे मेंटेनन्सचं बजेट सुरू होतं आणि चौथ्याच्या पलीकडे तुमची सही.

डी४ मध्ये (मूळ कारण) लिहा ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’, डी५ मध्ये (उपाय) ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’. हजेरीपत्रकावर सही घ्या, एक फोटो काढा, फोटोत व्हाइटबोर्ड दिसला पाहिजे. एक खबरदारी मात्र घ्याच: ज्याची सही घेतली तो त्या तारखेला रजेवर नव्हता ना, ते मस्टरवर बघा. ऑडिटर इतर सगळं सोडून नेमकं तेच बघतो. पीएफएमईएमध्ये (प्रक्रियेतल्या संभाव्य दोषांच्या तक्त्यात) आरपीएन, म्हणजे गांभीर्य गुणिले घडण्याची शक्यता गुणिले पकडण्याचा आकडा, अजून शंभराच्या खाली मागत असतील, तर ७ गुणिले ४ गुणिले ६ म्हणजे १६८ आहे, तो उतरवायला सिव्हिअॅरिटीच्या (गांभीर्याच्या) सातला हात लावू नका. डिझाइन बदलल्याशिवाय ती उतरत नाही, हे ऑडिटरला पाठ असतं. घडण्याची शक्यता ४ ची ३ करा, पकडण्याचा आकडा ६ चा ४, आणि शेऱ्यात लिहा ‘शंभर टक्के प्लग गेज तपासणी’. ८४ आला. ज्या गेजला दोष दिसत नाही त्याच गेजने दोष पकडण्याची हमी दिली, पण गुणाकार बरोबर आहे.

प्लांट हेड झालात की खर्चाचा विवेक यावा लागतो. स्पिंडल बेअरिंगचा सेट मागवायचा म्हणजे तीन कोटेशनं, परचेसची टिप्पणी, ‘यंदा बजेटमध्ये धरलेलं नाही’ असा शेरा आणि पुढच्या तिमाहीची तारीख. हे योग्यच आहे, कारण मेंटेनन्सचा खर्च तुमच्या नावावर पडतो. ग्राहकाची लाइन थांबायला आली की मात्र होसूरला विमानाने माल पाठवायची परवानगी फोनवर, रात्री साडेअकराला, एका वाक्यात द्या. ग्राहकाच्या गोदामात बसून एकेक नग वेगळा करणारी थर्ड पार्टी तासाच्या दराने लावा, परवानगी नंतर घेता येते. बेअरिंगपेक्षा हा खर्च कितीही पट झाला तरी तो ‘लॉजिस्टिक्स’ आणि ‘ग्राहक समाधान’ या खात्यांत जातो. मेंटेनन्सचा आलेख सपाट राहतो. त्या सपाट आलेखाबद्दल तुम्हाला वर्षअखेरीला शाबासकी मिळते.

याच पायरीवर गेंबा वॉक सुरू होतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन डोळ्यांनी बघायचं, असा त्याचा उद्देश. त्यासाठी जागेला दोन दिवस आधी कळवा. पिवळे पट्टे नव्याने मारले जातात, तेलाच्या डागांवर पुठ्ठा पडतो, आणि घरघरणारं मशीन त्या अर्ध्या तासापुरतं ‘साफसफाईसाठी’ बंद असतं. ऑपरेटरला विचारा, “काही अडचण?” त्याच्या मागे सुपरवायझर, सुपरवायझरच्या मागे मॅनेजर आणि बाजूला एचआर उभा असतो. तो म्हणेल, “नाही साहेब.” मुक्त संवाद झाला, तशी नोंद करा.

व्हाइस प्रेसिडेंटच्या पायरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एक स्लाइड, सहा प्लांट, सहा वर्तुळं, प्रत्येकाला एक रंग. लाल असेल तर पिवळा करून मागा, पिवळा असेल तर “कधी हिरवा होईल?” विचारा. बिचारा प्लांट हेड पुढच्या महिन्यात हिरवाच पाठवतो. ई-मेलला उत्तर देताना ‘नोटेड’ एवढंच लिहा. नंतर काही उलटलं तर तुम्ही मंजुरी दिली नव्हती आणि दुर्लक्षही केलं नव्हतं.

एमडी. इथे सगळ्या कारभाराचं चित्र बघायचं असतं, आणि ते लोणावळ्याच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी चांगलं दिसतं. सल्लागार बोलवा. सल्लागार चौथ्या दिवशी लाइनवर जातो, ऑपरेटरशी दहा मिनिटं बोलतो आणि साठ स्लाइडचा अहवाल देतो. त्यातली एक्केचाळिसावी स्लाइड सांगते की मशीनच्या आरोग्याची माहिती वरपर्यंत वेळेवर पोचत नाही. उपाय: इंडस्ट्री ४.०. प्रत्येक स्पिंडलवर कंपनाचा सेन्सर, तो क्लाउडला जोडलेला, आणि तुमच्या केबिनमध्ये मोठा पडदा. स्पिंडल आवाज करतोय, हे आता दर मिनिटाला, दशांश चिन्हासह कळेल.

मंजुरी द्या, उद्‌घाटनाला नारळ फोडा, फोटो टाका. पहिल्या आठवड्यात सेन्सर लाल दाखवतो, रात्री दोनला सगळ्यांच्या मोबाइलवर अलार्म वाजतो आणि तुमच्या ओईईच्या पडद्यावर डाग दिसतो. घाबरू नका. पुरवठादाराने कंपनाची मर्यादा २.८ मिलिमीटर प्रति सेकंद ठेवलेली असते, ती सेटिंगमध्ये जाऊन ७.१ करता येते. त्याला पासवर्ड लागतो. तो प्रॉडक्शन मॅनेजरकडे ठेवा.