क्रेडिटचा फडशा कसा पाडावा

तुमच्या बचत गटाची हळद ऑनलाइन विकली जाते ना? मग वेबसाइटला राखणदार ठेवाच. माणूस नको, माणूस जेवायला जातो. यंत्र ठेवा. ते खरं ब्राउझर उघडून गिऱ्हाइकासारखं साइटवर फिरतं: मुखपान, शोध, हळदीचं पान, कार्ट, पत्ता, ऑर्डर. याला ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंग म्हणतात. नुसतं पान उघडतं की नाही एवढंच बघणारी साधी तपासणीही मिळते, पण ती स्वस्त असते. स्वस्तात गटाची काय इज्जत राहणार?

पैसे क्रेडिटमध्ये, म्हणजे आधी विकत घेतलेल्या पॅकमधून, कापले जातात. कापूस वेचणीचा भाव किलोमागे आणि मळणीचा पोत्यामागे ठरतो. इथे हिशेब होतो तो पायऱ्या गुणिले ठिकाणं (यंत्र साइट जिथून उघडतं ती शहरं) गुणिले फेऱ्या. हा गुणाकार पॅक घेण्याआधी अजिबात करू नका. उगाच मन खट्टू होतं.

आम्ही समुद्रपूर तालुक्यातली माणसं. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हापासून आमची मान जरा ताठच. म्हणून सगळं भरघोस घेतलं. आमच्या पॅकमध्ये पाच पायऱ्यांच्या गठ्ठ्याला एक क्रेडिट. आमच्या पायऱ्या सहा. एसटीत टप्प्याच्या थोडं पुढे उतरलं तरी अख्ख्या पुढच्या टप्प्याचे पैसे लागतात, तसा सहाव्या पायरीने दुसरा गठ्ठा लावला. फेरीमागे दोन क्रेडिट झाले.

ठिकाणं निवडली मुंबई, सिंगापूर आणि फ्रँकफर्ट. आमचं गिऱ्हाईक हिंगणघाट, वर्धा, नागपूर आणि पुण्याच्या एक ताई. पण आपली साइट जर्मनीतून उघडते, हे ग्रामसभेत उभं राहून सांगायला किती बरं वाटतं!

फेरी दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला २८८. दोन क्रेडिट, तीन ठिकाणं, २८८ फेऱ्या: रोजचे १,७२८. तीस दिवसांचे ५१,८४०. पॅक होता ३०,००० चा. वर फेरी फसली की खात्री करायला यंत्र लगेच दुसरी मारतं आणि तीही मोजली जाते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ मध्ये मोफत विजेची योजना आली. क्रेडिटवाल्यांकडे तसं काही नाही, मी विचारून पाहिलं.

आता सहाव्या पायरीबद्दल. चाचणीसाठी खोटा माल वेगळा ठेवता येतो, किंवा ऑर्डरचं बटण दाबायच्या आधीच थांबता येतं. आम्ही दोन्ही केलं नाही. यंत्राला 'माल घरी आल्यावर पैसे' निवडायला शिकवलं आणि रात्री दहा वाजता झोपलो.

सकाळी सहाला मोठीआई काटा मांडून बसलेली. समोर पिशव्यांची चळत, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि मोबाइल भिंतीला टेकवलेला. २८८ ऑर्डरी, प्रत्येकी अर्धा किलो. म्हणजे एक क्विंटल ४४ किलो हळद, एका रात्रीत.

"एवढी हळद कायले पायजे बावा यायले? कोनाचं लगन हाय?" ती म्हणाली. "अन् हे टेस्टभाऊ कोनत्या गावचे? साऱ्या पुड्या त्यायच्याच नावानं."

मी तिला समजावलं नाही. तुम्हीही समजावू नका. अध्यक्षबाईंनी तर विक्री वाढली म्हणून गटात पेढे वाटले होते.

एक भाचा मात्र सगळीकडे असतोच. आमचा नागपूरला शिकतो. म्हणे, ऑर्डरची पायरी काढा, पाचच ठेवा. एकटी मुंबई पुरे. फेरी पंधरा मिनिटांनी करा. महिन्याला २,८८० क्रेडिट. म्हणजे अठरावा हिस्सा! एवढ्यात काम भागतं म्हणणाऱ्याच्या हाती गटाची वही कधी देऊ नका. त्याने आणखी एक सांगितलं: महिन्यात ९९.९ टक्के वेळ साइट चालू राहिली तरी सुमारे ४३ मिनिटं ती बंद असू शकते. मी म्हटलं, आमच्याकडे लाइट एवढा वेळ गेली तर कोणी खाटेवरून उठतसुद्धा नाही.

१८ तारखेला सकाळी चहा उकळेपर्यंत क्रेडिट संपले. फ्रँकफर्ट गप्प, सिंगापूर गप्प. २० तारखेला साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्राउझर आमच्या हळदीला धोकादायक म्हणू लागला. कळलं कसं? दुपारी पुण्याच्या ताईंचा मोठीआईला फोन आला, "काकू, तुमची साइट उघडत नाहीये."

मोठीआईने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग थो जर्मनीचा टेस्टभाऊ काहून नाही बोलला?"